जुन्या कन्सोलवरचा नवा नाच

नोव्हेंबर 2019 मध्ये फ्रान्सच्या यूबीसॉफ्ट कंपनीने ‘जस्ट डान्स 2020’ हा नाचाचा व्हिडिओ गेम बाजारात आणला, तेव्हा प्लेस्टेशन 4, एक्सबॉक्स वन आणि निन्टेंडो स्विच यांच्याबरोबर त्याची एक आवृत्ती 2006 साली आलेल्या निन्टेंडो वीसाठीही होती. मधल्या काळात खुद्द निन्टेंडोचेच दोन नवे कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळण्याची यंत्रे, येऊन गेले होते. तरीही हा वेडेपणा नव्हता.

कन्सोल ही एका अर्थी दुतर्फा बाजारपेठ असते. एका बाजूला ग्राहक, दुसऱ्या बाजूला गेम तयार करणारे, आणि प्रत्येक बाजू दुसरीची गर्दी पाहूनच आत येते. रोशे आणि तिरोल या फ्रेंच अर्थतज्ज्ञांनी 2003 मध्ये या रचनेचे सविस्तर विश्लेषण केले. मुरलेला खेळाडू हव्या त्या गेमसाठी नवा कन्सोल विकत घेतो. कॅज्युअल, म्हणजे अधूनमधून गंमत म्हणून खेळायच्या गेमच्या ग्राहकाचे मात्र उलटे असते: घरात जे यंत्र आहे त्यावर चालेल तेच तो घेतो, त्यामुळे गेमलाच त्याच्या दारी जावे लागते.

अशी दारे वीने सर्वाधिक उघडली. अमेरिकेत प्लेस्टेशन 3 ची किंमत किमान 499 डॉलर असताना वी जवळपास 250 डॉलरला मिळत होता आणि सोबत ‘वी स्पोर्ट्स’ हा गेम फुकट होता. पुढे दहा कोटींहून अधिक वी खपले. ‘वी स्पोर्ट्स’चा आठ कोटींच्या वरचा आकडाही नेहमी सांगितला जातो, पण त्यातला बराचसा खप खोक्याबरोबर आलेला आहे, हे विसरू नये.

खरी मेख वीच्या हातात धरायच्या रिमोटमध्ये होती. त्यातल्या त्वरणमापकात सिलिकॉनच्या अतिसूक्ष्म स्प्रिंगांवर एक चिमुकला भार तोललेला असतो. हात झटकला की तो किंचित मागे रेंगाळतो, शेजारच्या पट्ट्यांपासूनचे त्याचे अंतर बदलते, त्याबरोबर त्यांची विद्युतभार साठवण्याची क्षमताही बदलते आणि हालचालीचा माग लागतो. 2009 चा पहिला ‘जस्ट डान्स’ एवढ्यावरच चालला. पाय काय करतात हे त्याला कळतच नसे. सोफ्यावर बसून नुसते मनगट हलवूनही गुण मिळवता येत, पण पाहुण्यांसमोर नाचणाऱ्याला गुणांची फिकीर कुठे असते?

2010 मध्ये सोनीने प्लेस्टेशन 3 साठी मूव्ह हा हातात धरायचा हालचाल ओळखणारा दांडा आणि मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स 360 साठी किनेक्ट आणला. किनेक्ट अवरक्त ठिपके खोलीभर पसरवून कॅमेऱ्याने प्रत्येक वस्तू किती दूर आहे हे मोजत असे, त्यामुळे अख्खे शरीर त्याच्या नजरेत येई. पुढच्याच वर्षी ‘जस्ट डान्स 3’ दोन्हींकडे पोहोचला. पण ही उपकरणे बहुतेकांना वेगळी घ्यावी लागत. पहिल्या 60 दिवसांत 80 लाख किनेक्ट खपले, तरी एक्सबॉक्स 360 असलेल्या घरांच्या तुलनेत ते थोडेच होते. वीच्या मात्र प्रत्येक खोक्यात रिमोट होता. नाचाच्या गेमचा खप ठरवताना एकूण कन्सोल मोजून भागत नाही. हालचाल ओळखणारे उपकरण किती घरांत आहे, हे पाहावे लागते.

2015 च्या ‘जस्ट डान्स 2016’पासून यूबीसॉफ्टने प्लेस्टेशन 4 आणि एक्सबॉक्स वनवर स्मार्टफोनच हातात धरून नाचण्याची सोय केली. त्वरणमापक फोनमध्ये असतोच, आणि तो ग्राहकाने आधीच विकत घेतलेला असतो.