टँकर कुणाच्या सांगण्यावरून वळतो?

२०१६ चा एप्रिल. लातूर जिल्ह्यातल्या एका गावात मी टँकरची वाट बघत बसलेल्या बायांमध्ये बसलो होतो. सकाळी आठचा टँकर साडेअकरा झाले तरी आला नव्हता. घागरी, निळे ड्रम, रंगाचे रिकामे डबे आडाच्या कठड्यापासून शाळेच्या भिंतीपर्यंत रांगेत लागलेले. जिचं भांडं पुढं तिचा नंबर पुढं. टँकर कधी यायचा हे कोण ठरवतं, असं मी विचारलं. एक मावशी म्हणाल्या, "डायवरला फोन लावायचा. त्यो म्हनंल तवा." आणि सरपंच? "सरपंच म्हन्तो तहशीलला सांगितलंय. तहशीलवाले म्हन्त्यात ठेकेदाराला इचारा. आता त्या ठेकेदाराला आमी कुठं बघितलंय?"

मावशींनी सांगितलं त्याला राज्यशास्त्रात 'नेटवर्क गव्हर्नन्स' म्हणतात. साध्या मराठीत, जाळ्यातून चालणारा कारभार. एकच कचेरी वरून हुकूम देते आणि खालचे तो पाळतात, असं इथं नसतं. सरकारी खाती, ग्रामपंचायत, खासगी ठेकेदार, स्वयंसेवी संस्था, कधी बँक, कधी एखादा शेतकरी असे अनेक जण मिळून काम उरकतात. कुणी कुणाचा साहेब नसतो, पण एकाचं दुसऱ्यावाचून अडतं.

टँकरचंच बघा. ग्रामपंचायत ठराव घेऊन पंचायत समितीकडं प्रस्ताव पाठवते. तहसीलदार आणि गटविकास अधिकारी संयुक्त पाहणी करतात. मंजुरी महसूल खात्याची, गाडी ठेकेदाराची, आणि पाणी बहुतेक वेळा अधिग्रहण केलेल्या खासगी विहिरीचं किंवा बोअरचं. खेप पडली की लॉगबुकवर गावातल्या कुणाची तरी सही. यातला प्रत्येक जण आपापलं काम चोख करतो असं धरून चाललं, तरी पाणी न आल्याचा जाब कुणाला विचारायचा हा प्रश्न उरतोच. निवडणुकीत सरपंच पाडता येतो. ठेकेदार पाडता येत नाही, वेळापत्रकही पाडता येत नाही. लोकशाहीचा आणि या जाळ्याचा खरा तिढा इथं आहे.

याचा अभ्यास कसा करतात? पहिली पायरी इतकी सोपी आहे की ती वहीच्या पाठीमागच्या पानावर होते. त्या दुपारी आम्ही ती केली. जेवढी माणसं आणि कचेऱ्या तेवढे ठिपके काढले. मग एकेका बाईला विचारलं, गेल्या महिन्यात पाण्यासाठी तुम्ही कुणाकुणाशी बोललात? जिथं बोलणं झालं तिथं रेघ ओढली. सरपंचाच्या ठिपक्याला सगळ्यात जास्त रेघा येतील असं मला वाटलं होतं, आणि आल्याही. पण गावाबाहेरच्या वस्तीवरच्या बाया आणि बाकीचं जाळं यांच्यामध्ये एकच ठिपका निघाला, ड्रायव्हरचा. त्याचा फोन लागला नाही की वस्ती जाळ्यातून तुटली.

जाळ्यांच्या गणितात या दोन गोष्टींची मापं वेगळी आहेत. एखाद्या ठिपक्याला किती रेघा मिळतात, हे एक माप. दुसरं माप, बाकीच्या ठिपक्यांमधल्या जवळच्या वाटा किती वेळा त्याच्यावरून जातात. लिंटन फ्रीमन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं १९७७ साली हे दुसरं माप नीट मांडलं. मराठीत त्याला 'मध्यस्थपणा' म्हणू. ज्याचा मध्यस्थपणा मोठा त्याच्याकडं पद नसलं तरी सत्ता असते, कारण निरोप पुढं द्यायचा की दाबायचा हे त्याच्या हातात. आपल्याकडं निवडणुकीचं विश्लेषण पदांवरून होतं: कोण सभापती, कोण सदस्य. मला विचाराल तर गावचा कारभार कळायला पदांच्या यादीपेक्षा हा रेघांचा कागद जास्त कामाचा आहे.

पण नकाशा लोकशाही मोजत नाही. सत्ता कुठं साठली आहे एवढंच तो दाखवतो. ती सत्ता लोकांच्या ताब्यात आहे का, यासाठी डेन्मार्कमधले दोन अभ्यासक, एव्हा सोरेन्सन आणि याकोब टॉर्फिंग, यांनी २००५ मध्ये एक कसोटी मांडली. तंबू जसा खुंट्यांना ताणलेला असतो तसं जाळं लोकशाहीला चार ठिकाणी बांधलेलं हवं, अशी ती मी समजून घेतो. निवडून आलेल्यांचा त्यावर वचक हवा. जाळ्यात जो एखाद्या गटाच्या नावानं बोलतो, त्याला त्या गटानं जाब विचारता आला पाहिजे. ज्या मुलखावर निर्णयांचा परिणाम होतो तिथल्या सगळ्या लोकांना कारभार उघडा दिसला पाहिजे. आणि आत बसलेल्यांनी एकमेकांशी वागताना लोकशाहीची रीत पाळली पाहिजे.

तिसरा खुंटा सगळ्यात आधी उपटला जातो, असं मला पुन्हा पुन्हा दिसलंय. ग्रामपंचायतीचं प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभांच्या नोंदींची वही, मागता येतं, माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. पण तो सार्वजनिक प्राधिकरणाला लागू. ठेकेदाराला थेट अर्ज करता येत नाही. त्याची जी कागदपत्रं सरकारी कचेरीत पोचली, किंवा तिला कायद्यानं मागवता येतात, तीच मिळतात. काम जाळ्यात गेलं की माहितीही जाळ्यात विखुरते.

जाळं चांगलं बांधता येतं का? येतं, आणि त्याचा दाखला आपल्याच मातीत आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, या दोन जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. त्यानंतर राज्य शासन, जागतिक बँक, देशभरच्या देणगीदार संस्था, ठेकेदार आणि गावकरी असं प्रचंड जाळं उभं राहिलं. पुनर्वसन मात्र दोन तऱ्हांनी झालं.

पूर्ण पडलेली ५२ गावं नव्या जागी वसवली. घराचा आकार कुटुंबाच्या शेतजमिनीवरून ठरला: २५०, ४०० किंवा ७५० चौरस फूट. रस्ते सरळ, घरं ओळीत. जुन्या गावातली गल्ली, वाडा, भावकीचं अंगण यांचा त्या आराखड्यात मेळ नव्हता. घर देणारे पुष्कळ होते, पण उंबरा कुठल्या दिशेला हवा हे विचारणारी रेघ फार बारीक होती.

कमी नुकसान झालेल्या हजाराहून अधिक गावांत दुरुस्तीचा कार्यक्रम झाला. तिथं पैसा हप्त्याहप्त्यानं घरमालकाला मिळाला आणि काम त्यानं स्वतः करून घ्यायचं होतं. शासन आणि घर यांच्या मध्ये गावोगावच्या महिला मंडळांतल्या बाया 'संवाद सहायक' म्हणून नेमल्या गेल्या. भिंत कशी बांधायची, हप्ता का अडला, इंजिनिअर कधी येणार, हे त्या गावाला सांगायच्या आणि गावचं म्हणणं वर न्यायच्या. मघाच्या कागदावर ड्रायव्हर जिथं होता तिथंच या बाया होत्या. मध्यस्थपणा तेवढाच. फरक असा की त्यांचं घर त्याच गल्लीत होतं, आणि चुकीचं सांगितलं तर दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर जाब द्यावा लागायचा. दुसरा खुंटा तिथं घट्ट होता. जाळं मोठं की छोटं यानं लोकशाहीचं फारसं बिघडत नाही. मधल्या ठिपक्याचा कान कुणाच्या हातात आहे, त्यावर सगळं ठरतं.

एक अडचण मात्र गावच्या पातळीवर सुटत नाही. पाण्याचं जाळं मतदारसंघात मावत नाही. लातूर शहर ज्या मांजरा धरणाचं पाणी पितं ते धरण बीड जिल्ह्यात केज तालुक्यातल्या धनेगावला. २०१६ मध्ये ते आटलं तेव्हा मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, दहा वाघिणी (टाक्यांचे डबे), पाच लाख लिटर. त्या वाघिणी राजस्थानात कोट्याला धुऊन तयार केलेल्या. लातूरच्या मतदाराला ना केजमध्ये मत, ना मिरजेत, ना कोट्यात.

जायकवाडीचं तसंच. त्या धरणाचा जलाशय, नाथसागर, पैठणला, वरची धरणं नाशिक आणि नगरकडं. तिथले लोकप्रतिनिधी तिथल्या शेतकऱ्याचं बोलणार, त्यात त्यांची चूक नाही. म्हणून २००५ च्या कायद्यानं जलसंपत्ती नियमन प्राधिकरण नेमलं आणि खोऱ्यातल्या समन्यायी वाटपाचं काम त्याच्याकडं दिलं. प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशानं सूत्र ठरलं: १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरून पाणी सोडण्याचा विचार व्हावा. इथं न निवडलेली संस्था निवडून आलेल्यांमधला वाद सोडवते. अशा संस्थेला मी लोकशाहीविरोधी म्हणणार नाही, पण तिची सुनावणी खुली राहिली पाहिजे आणि आकडे पैठणच्या शेतकऱ्याला वाचता येतील असे छापले गेले पाहिजेत. निवडून आलेल्यांच्या वचकाचा पहिला खुंटा ढिला असेल तर उघड्या कारभाराचा तिसरा दुप्पट घट्ट हवा.

जलजीवन मिशननुसार गावात पाणीपुरवठा व स्वच्छता समिती हवी. दहा ते पंधरा जण, त्यात निम्म्या बाया असाव्यात असा दंडक. कागदावर हा फार चांगला ठिपका आहे. त्याला प्रत्यक्षात रेघा किती, हे कुणीही वही-पेन घेऊन मोजू शकतं. समितीतल्या बाईला एवढंच विचारायचं: गेल्या महिन्यात पाण्यासाठी तुम्हाला कुणाचा फोन आला, आणि तुम्ही कुणाला केला?

त्या दुपारी टँकर पाऊण वाजता आला. पाइप आडात सोडल्यावर ड्रायव्हरनं लॉगबुक पुढं केलं. एका पोरानं न वाचता सही केली. मावशींनी ते त्याच्या हातून घेतलं आणि शाळेत जाणाऱ्या नातीला म्हणाल्या, "वाच गं, काय लिवलंय." नातीनं मोठ्यानं वाचलं. दिवसाला दोन खेपा लिहिल्या होत्या. गावात एकच पडत होती. १ मे ची ग्रामसभा अकरा दिवसांवर होती, आणि ते लॉगबुक तिथं वाचायचं असं रांगेतच ठरलं.