बाण जागचा हलत नाही, तरी मेनू उघडतो

जळगावात घरी बसून पुण्याच्या कंपनीसाठी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टने वेबसाइट तपासणाऱ्या एका मुलीचं काम पाहता पाहता तिच्या वडिलांनी विचारलं, "माऊसचा बाण तर कोपऱ्यात पडलाय, मग मेनू उघडतोय कसा?" फार नेमका प्रश्न आहे. हल्ली याला 'एआय करतं' असं उत्तर मिळतं. पूर्वी 'बाहेरचं काहीतरी आहे' म्हणायचे. दोन्ही उत्तरांनी डोक्यात उजेड पडत नाही.

समजा, शेतमालाच्या वेबसाइटवर डावीकडे एकाखाली एक 'बाजारभाव', 'खतं', 'हवामान' आहेत. 'बाजारभाव'वर बाण नेला की उजवीकडे यादी उघडते: केळी, कापूस, दादर (ज्वारी). बाण हलला की ब्राउझर दर वेळी एकच चौकशी करतो: या बिंदूवर सगळ्यात वरचा चौकोन कोणता? तो सापडला की त्याच्यावर आणि एचटीएमएलमधल्या (पानाच्या रचनेच्या कोडमधल्या) त्याच्या सगळ्या पूर्वजांवर, म्हणजे तो ज्यांच्या पोटात आहे त्या चौकोनांवर, 'हॉवर'ची ('बाण वर आहे' अशी) खूण लागते. खरी गंमत या पूर्वजांत आहे. 'दादर' पडद्यावर बाजूला दिसत असली तरी कोडमध्ये ती 'बाजारभाव'च्या पोटात असते. म्हणून बाण तिच्यावर गेला तरी 'बाजारभाव'ची खूण पुसली जात नाही आणि यादी उघडी राहते.

आता जावास्क्रिप्टमधून 'माऊस आला' असा खोटा इव्हेंट (काही घडल्याची वर्दी) पाठवला, तर ब्राउझर त्याच्या 'इजट्रस्टेड' या गुणधर्मात 'फॉल्स' लिहितो आणि खुणेला हातही लावत नाही. सीएसएसच्या (पानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांच्या) हॉवरवर उघडणारा मेनू मग ढिम्म राहतो.

सेलेनियम हे स्क्रिप्टने ब्राउझर चालवणारं साधन (2004 साली थॉटवर्क्स कंपनीत जेसन हगिन्स यांनी सुरू केलेलं) आता ज्या वेबड्रायव्हर मानकावर (ब्राउझरला बाहेरून हुकूम कसे द्यायचे याच्या नियमांवर) चालतं, ते वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेने 2018 साली पक्कं केलं. क्रोमचा ड्रायव्हर (स्क्रिप्टचे हुकूम ब्राउझरला पोचवणारा प्रोग्राम) पॉइंटरचे एक्स-वाय आकडे ब्राउझरच्या आतल्या इनपुटच्या वाटेवरच सोडतो. तिथून पुढे चौकोन शोधणं, खूण लावणं सगळं नेहमीसारखं होतं. ऑपरेटिंग सिस्टिमच्या बाणाला यातलं काही कळत नाही, म्हणून तो कोपऱ्यात पडून राहतो.

तरीही टेस्ट फसते. स्क्रिप्टमध्ये 'बाजारभाव'नंतर थेट 'दादर' लिहिलं आणि हालचालीला थोडे मिलिसेकंद दिले, तर पॉइंटर सरळ रेषेत तिरपा निघतो आणि वाटेत 'खतं'वरून जातो. 'खतं' काही 'बाजारभाव'च्या पोटात नाही. खूण पुसली, यादी मिटली! पॉइंटर पोचतो तेव्हा तिथे दादर नसतेच. आधी आडवं 'केळी'वर जायचं, मग तिथून खाली उतरायचं. नुसतं 'थांब दोन सेकंद' लिहून हे सुटत नाही, आणि बरेच जण तेवढंच करून मोकळे होतात.

मोबाइलवर बोट टेकण्याआधी कुठे 'असतं' हे ब्राउझरला कळतच नाही, त्यामुळे तिथे हाच मेनू टॅपवर उघडावा लागतो आणि त्याची टेस्ट वेगळी लिहावी लागते.