प्लासेन्सिया द्वीपकल्पातील खानपान आणि भेटीगाठी

प्लासेन्सिया हे मध्य अमेरिकेतील बेलीझ देशाच्या स्टॅन क्रीक जिल्ह्यातील सुमारे 26 किमी लांबीचे अरुंद, वालुकामय द्वीपकल्प आहे. त्याच्या पूर्वेला कॅरिबियन समुद्र आणि पश्चिमेला प्लासेन्सिया खाजण आहे. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना माया बीच, गारिफुना या आफ्रिकी-कॅरिब वंशाच्या समाजाची वस्ती असलेले साइन बाइट आणि टोकाचे प्लासेन्सिया ही गावे लागतात. एकाच सडकेने जोडलेल्या या तीन गावांच्या खाण्यापिण्याच्या आणि एकत्र जमण्याच्या रीती मात्र एकसारख्या नाहीत.

प्लासेन्सिया गावातील सार्वजनिक जीवनाचा कणा म्हणजे तेथील काँक्रीटची पायवाट. मच्छीमारांच्या हातगाड्या वाळूत रुतू नयेत म्हणून ती बांधली गेली, असे सांगितले जाते. जेमतेम 4 फूट रुंदीच्या आणि सव्वा किमीच्या आसपास लांबीच्या या वाटेला जगातील सर्वात अरुंद मुख्य रस्ता म्हणून ख्याती मिळाली. तिच्या दोन्ही अंगांना लाकडी घरे, न्याहारीची छोटी दुकाने, कलावस्तूंचे विक्रेते आणि समुद्राकडे उघडणारे बार आहेत. समोरून येणाऱ्याला वाट द्यायची तर अंग चोरावे लागते आणि मग दोन शब्द बोलल्यावाचून पुढे जाणे अवघड होते. गावाच्या अनौपचारिक वातावरणाचे श्रेय आदरातिथ्याच्या कोणत्याही धोरणापेक्षा या अरुंदपणालाच अधिक द्यावे लागेल. 8 ऑक्टोबर 2001 रोजी आयरिस चक्रीवादळ प्लासेन्सियाच्या थोडे दक्षिणेस किनाऱ्यावर धडकले. त्यात या गावाची आणि साइन बाइटची मोठी पडझड झाली, त्यामुळे आज दिसणाऱ्या इमारतींपैकी बऱ्याच त्यानंतरच्या आहेत.

जागेची निवड दिवसाच्या वेळेवरही अवलंबून असते. मुख्य पुळण पूर्वाभिमुख असल्यामुळे सकाळची न्याहारी समुद्राच्या बाजूला रंगते, तर सूर्य खाजणापलीकडच्या माया पर्वतरांगेमागे मावळत असल्याने संध्याकाळी पेयपान करणारे खाजणाकडच्या धक्क्यांवर जमतात. उन्हाळ्याच्या महिन्यांत सार्गासम हे तपकिरी समुद्रशैवाल किनाऱ्यावर साचून कुजू लागले, की त्याच्या दुर्गंधीमुळे पुळणीवरच्या टेबलांपेक्षा खाजणाची बाजू बरी वाटते.

न्याहारीला फ्राय जॅक, म्हणजे मैद्याच्या तळून फुगवलेल्या घड्या, अंडी व घोटलेल्या घेवड्याबरोबर देतात. नारळाच्या दुधात पीठ मळून भाजलेले जॉनी केक हे छोटे, जाडसर पावही असतात. दुपारचे नेहमीचे जेवण भात, घेवडा आणि कोंबडीचा रस्सा असे असते. त्यातही एक भेद पाळला जातो: ‘राइस अँड बीन्स’ म्हणजे नारळाच्या दुधात घेवड्यासह एकत्र शिजवलेला भात, तर ‘बीन्स अँड राइस’ म्हणजे पांढरा भात आणि पातळ घेवडा वेगवेगळा वाढलेला. नावांची ही अदलाबदल नवख्या माणसाला खेळ वाटते. स्थानिकांच्या दृष्टीने ते दोन स्वतंत्र पदार्थ आहेत. टेबलावर हाबानेरो मिरचीचा तिखट सॉस सहसा असतोच.

साइन बाइटमध्ये हा क्रिओल (आफ्रिकी-युरोपीय मिश्रवंशीय समाजाचा) स्वयंपाक मागे पडतो. ब्रिटिशांनी 1797 मध्ये सेंट व्हिन्सेंट बेटावरून हद्दपार केलेल्या गारिफुना समाजाची हुदुत ही ओळख आहे: नारळाच्या दुधातील माशांची आमटी आणि तिच्याबरोबर उखळात कुटलेल्या भाजीच्या केळ्यांचा गोळा. कसावा या कंदाची कुरकुरीत, पातळ भाकरी म्हणजे एरेबा. मुळ्या व वनौषधी रममध्ये मुरवून केलेले कडसर पेय म्हणजे गिफिती. 19 नोव्हेंबरला साजऱ्या होणाऱ्या गारिफुना वसाहत दिनी ढोल आणि नृत्य यांभोवती सारे गाव जमते. एरवी येथे पर्यटकांसाठीच्या जागा थोड्या आहेत. पण या द्वीपकल्पाचे सर्वात स्वतंत्र अन्न येथेच मिळते.

सागरी अन्नाचे वेळापत्रक कायद्याने ठरते. शेवंडीच्या (लॉबस्टर) मासेमारीवर 1 मार्च ते 30 जून, तर शंखातील समुद्री गोगलगायीच्या (काँक) मासेमारीवर जुलै ते सप्टेंबर बंदी असते. म्हणून एप्रिलमध्ये कुणी ताजी शेवंड देऊ केली तर ती नाकारणेच योग्य. बंदी उठल्यानंतर प्लासेन्सियात भरणाऱ्या शेवंड महोत्सवात ती भाजून, तळून, रश्शात आणि लिंबाच्या रसात मुरवून विकली जाते. गोगलगायीच्या मांसाचे लिंबाच्या रसात मुरवून कांदा, कोथिंबीर घातलेले सेविचे आणि तळलेले वडे हे बारमधले नेहमीचे चखणे आहे.

पेयांमध्ये ‘अल्तुन हा’ या ठिकाणच्या प्राचीन माया मंदिराचे चित्र लेबलावर असलेली बेलिकिन ही देशी बिअर आणि स्थानिक रम सर्वत्र मिळते. समुद्रशैवाल उकळून दूध, दालचिनी व जायफळ घालून केलेले घट्ट पेय हे या किनाऱ्याचे वैशिष्ट्य असून त्यासाठी प्लासेन्सियाच्या मच्छीमारांनी शैवालाची शेतीही सुरू केली आहे.

बेलीझचे 2 डॉलर म्हणजे अमेरिकेचा 1 डॉलर असा दर निश्चित असून दोन्ही चलने चालतात. त्यामुळे दरपत्रकातला आकडा कोणत्या डॉलरमधला आहे, हे मागणी देण्यापूर्वी विचारून घ्यावे. डिसेंबर ते एप्रिल हा गर्दीचा हंगाम असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसात अनेक उपाहारगृहे बंद राहतात आणि उरलेल्या मोजक्या बारमध्ये बहुतेक गावकरीच बसलेले दिसतात.