रश

रश हे कॅनडातील टोरांटोचे हार्ड रॉक त्रिकूट. ऑगस्ट १९६८ मध्ये शहराच्या विलोडेल भागातील शाळकरी मुलांनी ते सुरू केले. गेडी ली (गायन, बेस गिटार, कीबोर्ड), अ‍ॅलेक्स लाइफसन (गिटार) आणि नील पिअर्ट (ड्रम व गीतलेखन) हे तिघे १९७४ ते २०१५ एकत्र वाजवत राहिले. त्यांचे १९ स्टुडिओ अल्बम निघाले.

पहिला अल्बम ‘रश’ (१९७४) त्यांनी मून या स्वतःच्या लेबलवर काढला, तेव्हा ड्रमवर जॉन रटसी होता. अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या रेडिओ केंद्रावर डॉना हॅल्पर यांनी त्यातले ‘वर्किंग मॅन’ लावले. ते कामगारांचे शहर. गाणे तिथे लगेच रुजले आणि मर्क्युरी कंपनीने रशशी करार केला. प्रकृतीमुळे रटसी बाहेर पडला व जुलै १९७४ मध्ये पिअर्ट आला. दोनच आठवड्यांनी हे तिघे पिट्सबर्गमध्ये यूराया हीप या ब्रिटिश रॉक बँडच्या आधी वाजवत होते. पिअर्टला वाचनाचे वेड असल्याने गाणी लिहिण्याचे काम त्याच्याकडे गेले आणि त्यांत विज्ञानकथा, पुराणकथा, तत्त्वज्ञान येऊ लागले.

‘कॅरेस ऑफ स्टील’ (१९७५) चालला नाही. आता रेडिओवर वाजतील अशी छोटी गाणी करा, असा कंपनीचा आग्रह होता. रशने नेमके उलट केले. ‘२११२’ (१९७६) या अल्बमची पूर्ण पहिली बाजू म्हणजे वीस मिनिटांची एकच रचना. पुजाऱ्यांच्या हुकमतीखालच्या भविष्यातील नगरात एका माणसाला जुनी गिटार सापडते, अशी तिची कथा. हा अल्बम खपला आणि पुढे आपल्या मनाप्रमाणे काम करण्याची मोकळीक रशने कायमची मिळवली. त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत निर्णायक क्षण हाच.

‘अ फेअरवेल टू किंग्ज’ (१९७७) आणि ‘हेमिस्फिअर्स’ (१९७८) वेल्समधील रॉकफील्ड स्टुडिओत झाले. दुसऱ्यातले ‘ला व्हिला स्ट्रँजिआटो’ हे साडेनऊ मिनिटांचे शब्दाविना वादन तिघांच्या तयारीचा कस पाहते. त्यानंतर रचना आटोपशीर झाल्या, विषम मात्रांचे ताल मात्र राहिले. क्वेबेकमधील ल स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेला ‘मूव्हिंग पिक्चर्स’ (१९८१) हे या वळणाचे शिखर. ‘टॉम सॉयर’ त्यातलेच. त्यातल्याच ‘वाय वाय झेड’ या शब्दाविना वादनाचे नाव म्हणजे टोरांटो विमानतळाची तीन अक्षरी खूण. तिच्या मोर्स संकेतातील लांब-आखूड ठोक्यांवरच त्या वादनाचा आरंभ बेतला आहे. रश पहिल्यांदा ऐकणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी.

तिघांचा नाद इतका भरीव कसा, हे रंगमंचावर पाहिले की कळे. ली बेस वाजवत गाई, मध्येच कीबोर्डकडे वळे आणि पायांनी बेस पेडल दाबून खर्जाचे सूर धरून ठेवी. लाइफसन मोकळ्या तारा झंकारत ठेवून सुरावटीतल्या जागा भरी. ‘सिग्नल्स’ (१९८२) नंतर सिंथेसायझर इतके वाढले की गिटार मागे पडली. निर्माते टेरी ब्राउन यांची साथही त्याच अल्बमनंतर सुटली. ‘काउंटरपार्ट्स’मध्ये (१९९३) गिटार पुन्हा पुढे आली. पिअर्टची चिकाटी याच काळात दिसते. तो मान्यवर ड्रमवादक होता, तरी जॅझचे शिक्षक फ्रेडी ग्रूबर यांच्याकडे शिकायला गेला आणि काठी धरण्यापासून स्वतःची पद्धत बदलली.

ऑगस्ट १९९७ मध्ये पिअर्टची मुलगी मोटार अपघातात गेली. दहा महिन्यांनी पत्नी कर्करोगाने वारली. तो मोटरसायकल घेऊन हजारो किलोमीटर भटकला. ली आणि लाइफसन यांनी त्याच्यावर परतण्याची सक्ती केली नाही. ‘व्हेपर ट्रेल्स’ (२००२) हा कीबोर्डविरहित, उग्र अल्बम त्यानंतरचा. त्याचा आवाज इतका चढवला होता की वाद्ये फाटल्यासारखी वाटत, म्हणून २०१३ मध्ये तो नव्याने मिक्स केला गेला. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने रशला त्याच वर्षी प्रवेश दिला. हा मान फार उशिरा आला.

शेवटचा स्टुडिओ अल्बम ‘क्लॉकवर्क एंजल्स’ (२०१२). १ ऑगस्ट २०१५ रोजी लॉस एंजेलिस परिसरातील फोरम सभागृहात तिघांची अखेरची मैफल झाली. मेंदूच्या कर्करोगाने पिअर्टचे ७ जानेवारी २०२० रोजी निधन झाले. २०२५ मध्ये ली आणि लाइफसन यांनी जर्मन ड्रमवादक अनिका निलेस हिच्यासह पुन्हा दौऱ्यावर निघण्याची घोषणा केली.