कार्पेटसाठी स्टीम क्लीनर घ्यायचा का? आधी हे वाचा

राम राम. दिवाळी जवळ आली की दुकानात रोज कोणीतरी विचारतं, भाऊ स्टीम क्लीनर घेऊन टाकू का. आम्ही मशीन विकतो पण आणि भाड्याने पण देतो, तरी आमचा पहिला प्रश्न एकच असतो, तुमचं कार्पेट कशाचं आहे? बहुतेकांना ते माहीत नसतं, आणि सगळा निर्णय तिथेच अडलेला असतो.

मुळात स्टीम क्लीनर या नावाने दोन वेगळ्या मशिनी खपतात. एक खरा वाफेचा स्टीमर, आत बॉयलर असतो, वाफ जोरात बाहेर येते, पण तो काही ओढून घेत नाही, सुटलेला मळ तुम्हालाच फडक्याने पुसायचा. किचनचा ओटा, बाथरूमच्या फरशीच्या फटी यासाठी एक नंबर. दुसरी मशीन साबणाचं गरम पाणी कार्पेटमध्ये फवारते आणि लगेच मळासकट ओढून घेते, तिला दोन टाक्या असतात, एक चांगल्या पाण्याची आणि एक घाण पाण्याची. कार्पेट धुवायला ही दुसरी लागते. घेताना घाण पाण्याची टाकी आहे का एवढं बघा, नसेल तर तो नुसता स्टीमर आहे, बॉक्सवर कार्पेटचा फोटो असला तरी.

आता आपल्या खानदेशातली धूळ. आपली माती काळी, कापसाची, पाणी लागलं की फुगते आणि चिकटते हे शेतात चालणाऱ्याला सांगायला नको. तीच माती चपलेने घरात येऊन कार्पेटच्या बुडाशी बसते आणि त्यावर सरळ वाफ मारली की आत चिखल होतो, वरून साफ दिसतं आणि आठ दिवसांत परत काळं. म्हणून आधी कोरडं काम, कार्पेट उलटं करून गच्चीवर बडवा, मग दोन्ही बाजूंनी व्हॅक्यूम. खरं सांगतो, पुष्कळ घरांचं काम इथेच संपतं. सतरंजी आणि जाजमाला तर मशीनच नको, धुवा आणि वाळत घाला.

कशाचं आहे ते ओळखायला कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरा आणि जाळा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख चुरगळली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर प्लॅस्टिकचा धागा, बाजारातली बरीच मशीनवर विणलेली कार्पेटं अशीच असतात, ती धुण्याला सोपी, फक्त वाफेचं तोंड एका जागी धरून ठेवू नका, लव दबते आणि परत उठत नाही. कागद जळल्याचा वास आला तर सुती किंवा व्हिस्कोस. व्हिस्कोस रेशमासारखं चमकतं पण ओलं झालं की कमजोर पडतं, त्याला घरी हात लावू नका. लोकरीला गरम पाणी आणि घासणं एकदम मिळालं की ती आकसते, भदोहीचा हाताने विणलेला गालिचा असेल तर तो जाणकाराकडेच द्या. मागे तागाचं अस्तर असेल तर जास्त पाण्याने तपकिरी डाग वर येतात. सुरुवातीला आमच्याच हातून एका ताईंच्या गालिच्याचं असं झालं होतं, आम्ही भरपाई दिली, पण त्यांच्या आईची आठवण होती ती, म्हणून हे इतकं सांगतोय.

रंगाची पण परीक्षा करा, पांढरं फडकं गरम पाण्यात बुडवून कोपऱ्यावर मिनिटभर दाबा, रंग लागला तर विषय संपला.

डाग सगळे वाफेने जात नाहीत. दूध, अंडं, रक्त याला आधी थंड पाणी, गरम लागलं की डाग पक्का बसतो. हळदीला साबण लागला की लाल होते, ती उन्हात फिकट पडते. शेवभाजीची तर्री सांडली तर घासू नका, टिपून घ्या, टाल्कम पावडर टाका, तेल शोषलं की मग धुवा. आणि रावेर यावलकडच्या मंडळींना माहीतच आहे, केळीचा चीक कोणत्याच मशीनने जात नाही.

मुलांच्या दम्यासाठी विचारणारे पण येतात. धुळीतले किडे ५५ अंशाच्या वर मरतात हे बरोबर, पण वरून फिरवलेली वाफ बुडापर्यंत तेवढी गरम पोचत नाही, आणि त्रास त्यांच्या विष्ठेचा असतो, ती ओढूनच काढावी लागते. दर आठवड्याला व्हॅक्यूम करा, डॉक्टरांना विचारा, जमलं तर त्या खोलीतलं कार्पेटच काढून टाका.

धुवायचं तर मार्च ते मे, आपल्या उन्हात पंख्याखाली लवकर वाळतं. फक्त त्या खोलीत कूलर लावू नका, कूलर हवेत पाणी सोडतो. पावसाळ्यात धुतलं तर दोन दोन दिवस ओलं राहतं आणि कुबट वास धरतं.

बोअरचं पाणी जड असेल तर बॉयलरमध्ये क्षार साचतात, आरओचं पाणी वापरा. १५०० वॅटची मशीन एका तासात दीड युनिट खाते आणि मोठा पॉइंट लागतो, एक्स्टेन्शन वायरवर चालवू नका.

मग घ्यायची कोणी? घरात लहान मूल, कुत्रं, दोन तीन मोठी प्लॅस्टिक धाग्याची कार्पेटं आणि सोफा असेल, महिन्या दोन महिन्याला काम निघत असेल, तर घ्या. वर्षातून दिवाळीला एकदाच काढायची असेल तर भाड्याने न्या, घरात ठेवायला जागा पण लागते.

ठरत नसेल तर कार्पेटच्या कडेचे दोन धागे कागदात गुंडाळून दुकानात आणा, तुमच्यासमोर जाळून सांगतो, त्याचे पैसे घेत नाही.