पार्श्वभूमी : सातारा-सांगलीतले नवोदित वकील शिबिरांसाठी गावात का जातात?

ग्रामपंचायतीच्या सभागृहात किंवा देवळापुढच्या मांडवात कायदेविषयक शिबिर भरते, तेव्हा भाषणे तासाभरात आटोपतात आणि खरे काम त्यानंतर सुरू होते. एखादी बाई पिशवीतून घड्या पडलेला सातबारा काढून टेबलापुढे बसते. नवरा जाऊन वर्षे लोटली, पण उताऱ्यावर अजून त्याचेच नाव आहे. समोरचा तरुण वकील मृत्यूचा दाखला आहे का, मुले किती, दिराची काही हरकत आहे का, एवढे विचारून कोऱ्या कागदावर वारस नोंदीचा अर्ज लिहायला घेतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ नुसार असा हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचे असते. मुदत टळली म्हणून हक्क जात नाही, मात्र हे त्या बाईला आजवर कोणी सांगितलेले नसते. अशा नोंदी वेळेवर न झाल्यामुळेच पुढे भावकीचे दिवाणी दावे उभे राहतात आणि ते पुढच्या पिढीपर्यंत चालतात. वकील संघाच्या वतीने कनिष्ठ वकील गावात जातात ते मुख्यतः या टेबलासाठी.

या कामाला आपल्या भागात जुना आधार आहे. ‘सार्वजनिक काका’ म्हणून ओळखले जाणारे गणेश वासुदेव जोशी यांचा जन्म १८२८ मध्ये साताऱ्याचा. पुण्यात वकिली करताना १८७० मध्ये त्यांनी सार्वजनिक सभा उभी केली आणि खर्चिक कोर्टकचेरीला पर्याय म्हणून लवाद न्यायालयांचा पुरस्कार केला. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांच्यावर खटला उभा राहिला, तेव्हा सरकारच्या रोषाची पर्वा न करता वकीलपत्र घेणारे तेच होते. न्याय गावाजवळ आणण्याचे पुढचे दोन प्रयोगही याच परिसरात झाले. औंध संस्थानाने १९३९ मध्ये गांधीजींच्या मार्गदर्शनाने स्वीकारलेल्या राज्यघटनेत ग्रामपंचायत हा कारभाराचा पाया मानला आणि गावातले तंटे गावातच मिटवण्यावर भर दिला. त्या संस्थानातली औंध, कुंडल, आटपाडी ही गावे आज सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत विभागली गेली आहेत. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारची न्यायदान मंडळे जमिनीचे आणि कर्जाचे वाद गावातच सोडवत होती. ही मंडळे वकिलांची नव्हती, आणि तिथल्या सगळ्याच शिक्षा आजच्या कायद्यात बसणाऱ्या नव्हत्या, हेही मान्य केले पाहिजे. तरी कोर्ट गावापासून लांब आहे ही तक्रार या भागात किती जुनी आहे, ते त्यांवरून कळते.

स्वातंत्र्यानंतर ही जबाबदारी हळूहळू राज्यसंस्थेकडे आली. गरिबांना कायद्याची मदत कशी द्यावी याचा विचार करण्यासाठी १९४९ मध्येच मुंबई राज्यात न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली होती, पण ठोस रचना उभी राहायला जवळजवळ अर्धे शतक लागले. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ आणून मोफत विधी साहाय्याचे तत्त्व राज्यघटनेत घातले. १९७९ च्या हुसेनआरा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे अडकलेल्या कच्च्या कैद्यांची स्थिती सर्वोच्च न्यायालयापुढे आली आणि वकील मिळणे हा न्याय्य खटल्याचाच भाग असल्याचे न्यायालयाने स्पष्ट केले. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा असला तरी अमलात आला तो ९ नोव्हेंबर १९९५ रोजी. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुक्याला तालुका विधी सेवा समिती ही आजची रचना त्यातूनच आली.

या कायद्याचे कलम १२ आपल्याकडच्या प्रत्येक वकिलाने एकदा सावकाश वाचावे, असे मला मनापासून वाटते. मोफत साहाय्याला पात्र असलेल्यांच्या यादीत पूर, दुष्काळ आणि भूकंप यांचे बळी स्पष्टपणे नमूद आहेत. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, आणि धरणामुळे उठवलेल्या गावांचे पुनर्वसनाचे प्रश्न अजून संपलेले नाहीत. माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांना दुष्काळ नवा नाही. २००५, २०१९ आणि २०२१ च्या कृष्णेच्या महापुरात तर नदीकाठच्या घरांतली खरेदीखते, शिधापत्रिका, बँकेची पुस्तके भिजून त्यांचा लगदा झाला. असे कागद पुन्हा मिळवणे, पंचनाम्यात राहून गेलेले नाव घालून घेणे, विम्याच्या दाव्याचा पाठपुरावा करणे हे सगळे वकिलाचे काम आहे, आणि त्यासाठी दहा वर्षांच्या अनुभवाची गरज नाही. त्याच कलमानुसार स्त्रियांना उत्पन्नाची अटही लागत नाही. म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या बाईने उत्पन्नाचा दाखला काढण्यासाठी तहसील कार्यालयात खेटे घालण्याचे कारणच नाही.

हे काम वकील संघामार्फतच का व्हावे, याची कारणे व्यवसायाच्या नियमांत आहेत. गरजूला मोफत कायदेशीर मदत करणे हे आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत वकिलाचे समाजाप्रति असलेल्या सर्वोच्च कर्तव्यांपैकी एक आहे, असे बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या नियामक संस्थेचा नियम ४६ सांगतो. मात्र नियम ३६ प्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही, कामासाठी कोणाकडे जाता येत नाही. एकट्या वकिलाने गावात जाऊन टेबल मांडले, तर ती सेवा आहे की पक्षकार गोळा करणे, असा प्रश्न साहजिकच विचारला जाईल. संघाच्या किंवा तालुका समितीच्या फलकाखाली तो बसला की ही शंका बहुतांशी दूर होते. दुसरी गोष्ट अनुभवाची. विधी सेवा प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांनुसार तीन वर्षांपेक्षा कमी वकिली झालेल्याला साधारणपणे पॅनेलवर, म्हणजे मोफत खटले चालवणाऱ्या वकिलांच्या यादीत, घेत नाहीत, आणि ते योग्यच आहे, कारण गरीब आरोपीचा खटला ही कोणाची शिकवणी असता कामा नये. परंतु सनद मिळाल्यानंतरच्या त्या पहिल्या तीन वर्षांत कनिष्ठ वकिलाला माणसे भेटतात कुठे? सीनिअरच्या चेंबरमध्ये तारखा घेण्यात आणि नकलांचे अर्ज देण्यात त्याचा दिवस जातो. गावातल्या शिबिरात मात्र तो पहिल्यांदा पक्षकाराचे म्हणणे पक्षकाराच्याच भाषेत ऐकतो.

यातली खरी अडचण पैशाची आहे. कनिष्ठांना शहरात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये केली. पण शिफारस बंधनकारक नसते, आणि तालुक्याच्या ठिकाणी अनेक सीनिअरची स्वतःची प्राप्तीच बेताची असते. घरभाडे कसे द्यायचे या विवंचनेत असलेल्या मुलाने किंवा मुलीने रविवारही गावासाठी द्यावा, अशी अपेक्षा करताना संघाने निदान प्रवासखर्च आणि जेवणाची सोय करायला हवी.

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे फिरते खंडपीठ, सुरू झाले आणि सातारा, सांगलीसह सहा जिल्ह्यांतील वकिलांची अनेक दशकांची मागणी पूर्ण झाली. वरचे न्यायालय जवळ आले, तशी आता खालच्या टोकाची व्यवस्थाही घट्ट व्हावी. शिबिरात लिहिलेला अर्ज तलाठ्याकडे पोचला का, फेरफार (उताऱ्यावरच्या नावातला बदल) धरला गेला का, नोटिशीच्या १५ दिवसांत कोणी हरकत घेतली का, आणि शेवटी मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद मंजूर केली का, हे त्या बाईला विचारायला महिन्याभराने कोणी जात नाही, ही आजच्या शिबिरांची मोठी उणीव आहे. प्रत्येक तालुका संघाने बाररूममध्ये एक नोंदवही ठेवावी आणि ज्याने अर्ज लिहिला त्याच कनिष्ठाच्या नावापुढे पुढची तारीख घालावी. तारीख पाळण्याची सवय तर कोर्टाने त्याला लावलेलीच असते.