पेटी-तबला की गिटार? मराठी ख्रिस्ती मंडळीतल्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

नाताळ जवळ आला की बहुतेक मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, एक भांडण ठरलेलं असतं. तरुण संघाला ड्रमसेट आणि गिटार हवी असते, वडीलधाऱ्यांना 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातली गायने पेटी-तबल्यावर हवी असतात, आणि पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, मध्ये सापडतात. मग कोणीतरी म्हणतंच, आपली परंपरा बुडाली, म्हणून तर तरुण पोरं येत नाहीत. पण जिला आपण परंपरा म्हणतो ती एकेकाळी किती नवीन होती, आणि ती आली कशी, हे बघितलं तर वाद जरा वेगळा दिसायला लागतो.

सुरुवात गोव्यापासून करावी लागते. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट (एका कॅथलिक संघातला) पाद्री १५७९ मध्ये गोव्यात आला, इथलाच होऊन राहिला, आणि १६१६ मध्ये राचोलला त्याचं ख्रिस्तपुराण छापून झालं, सुमारे ११,००० ओव्या! नवीन ख्रिस्ती झालेल्या लोकांची पुराणं सुटली होती, त्यांना ऐकायला काहीतरी हवं होतं, तर त्याने बायबलची गोष्ट थेट ओवीत बसवली. देवनागरीचे छपाईचे खिळे नव्हते म्हणून पुस्तक रोमन लिपीत छापलं. पण हे फार काळ टिकलं नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढून लोकांनी आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावं असं सांगितलं, म्हणजे एका पाद्रीने जे कमावलं त्याच्या नेमकं उलट सरकारने केलं.

इकडे मराठी मुलखात प्रोटेस्टंट काम सुरू झालं ते १८१३ मध्ये, अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट मुंबईत उतरले तेव्हा. १८३१ पासून अहमदनगर (आता अहिल्यानगर) हे त्यांचं मोठं केंद्र झालं, १८४२ मध्ये तिथूनच ज्ञानोदय हे नियतकालिक निघायला लागलं. शाळा, छापखाना, बोर्डिंग सगळं उभं राहिलं. मिशनच्या सिंथिया फरार बाईंच्या नगरच्या मुलींच्या शाळेने जोतीराव फुल्यांवर केवढा परिणाम केला ते सगळ्यांना माहीतच आहे. पण उपासनेत मात्र सुरुवातीला बराच काळ इंग्रजी गीतांची भाषांतरं आणि चालीही तिकडच्याच. शब्द मराठी, सूर परका, बाहेरून ऐकणाऱ्याला हे लोक नक्की काय करतायत ते कळत नसणार.

आणि अंतर फक्त गाण्याचं नव्हतं. पुण्यात १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे वगैरे मंडळी एका कार्यक्रमाला गेली, तिथे चहा-बिस्किटं आली, आणि त्यावरून एवढं ग्रामण्य (वाळीत टाकण्याचा वाद) झालं की प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं! ख्रिस्ती माणसाच्या हातचा एक कप चहा जिथे पचत नव्हता तिथे कोणाच्या मनापर्यंत पोहोचणार. त्यातून मिशनने बाप्तिस्मा घेतलेल्यांना कंपाउंडमध्ये जागा दिली. गावाने आणि घरच्यांनी बाहेर काढल्यावर दुसरा पर्याय तरी काय होता, पण त्यामुळे झालं असं की बंगला, शाळा, चर्च आणि कामगारांच्या खोल्या यांच्याभोवती भिंत आली आणि आत एक वेगळंच गाव तयार झालं.

ही भिंत ओलांडायचा पहिला मोठा प्रयत्न नगरचाच. कृष्णराव सांगळे यांनी कीर्तन उचललं, तेच निरूपण, तीच साथ, फक्त आख्यान बायबलचं. मिशनरींपैकी काहींना आवडलं, काहींना ते हिंदू वाटलं. पण गावात कीर्तन म्हटल्यावर लोक बसतात, प्रवचन म्हटल्यावर उठून जातात, हे साधं गणित होतं.

मग आले नारायण वामन टिळक. कोकणस्थ ब्राह्मण, कवी, १८९५ मध्ये बाप्तिस्मा. यांच्याबद्दल आपल्याकडे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र स्मृतिचित्रे वाचलेला प्रत्येकजण काही ना काही सांगू शकतो (आणि खरं सांगायचं तर पुस्तकाच्या खऱ्या हिरो लक्ष्मीबाईच आहेत). टिळक म्हणायचे की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, आणि ते त्यांच्या अभंगांत दिसतंही. आज उपासना संगीतात त्यांची गायने इतकी आहेत की ती वगळली तर रविवारची उपासना अर्धी रिकामी वाटेल. म्हणजे ज्याला आज वडील मंडळी जुनं आणि पवित्र म्हणतात ते शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी प्रयोग होतं, आणि तेव्हाही कोणीतरी नाक मुरडलंच होतं.

पण टिळकांची जी गोष्ट कमी सांगितली जाते ती १९१७ ची. त्यांनी मिशनचा पगार सोडला, साताऱ्याला गेले आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसता येईल अशी ती जागा होती. १९१९ मध्ये ते गेले आणि ते काम तिथेच विरलं. माझ्या मते अभंगांपेक्षा ही उडी मोठी होती, कारण अभंग कंपाउंडच्या आत बसूनही लिहिता येतात.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर सगळी गोष्ट कवितेची होऊन बसते. नगर जिल्ह्यात जे लोक मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाले ते बहुतेक महार आणि मांग समाजातले. दुष्काळाच्या वर्षांत मिशनने काम दिलं, पोरांना ठेवून घेतलं, शिकवलं. बाहेरचे 'पोटासाठी बाटले' म्हणून हिणवायचे, अजूनही म्हणतात, पण ज्या माणसाला गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं त्याला शाळेत बाकावर बसायला मिळणं ही नुसती पोटाची गोष्ट नव्हे. मात्र जात चर्चच्या दारात गळून पडली असंही झालं नाही. डॉ. आंबेडकरांनी ख्रिस्ती समाजावर हीच टीका केली होती, आणि १९३५ च्या येवल्याच्या घोषणेनंतर मिशनवाले आशेने बघत असताना त्यांनी १९५६ मध्ये नागपूरला बौद्ध धम्म घेतला. त्याआधी १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती दलित अनुसूचित जातींच्या यादीबाहेर, म्हणजे आरक्षणाबाहेर, राहिले होते, पुढे शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आत आले, ख्रिस्ती नाही. त्यामुळे कितीतरी घरांत कागदावर एक धर्म आणि रविवारी दुसरा अशी कसरत चालते, आणि हे सगळ्यांना माहीत असूनही मंडळीच्या मीटिंगमध्ये कोणी काढत नाही.

कॅथलिकांचा रस्ता वेगळा. तिथे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (जगभरच्या बिशपांची बैठक, १९६२ ते ६५) मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्येच, त्यानंतर ती मराठीत आली. वसईत याचा पुरेपूर उपयोग झाला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुवार्ता' हे मासिक चालवलं, हरित वसईच्या आंदोलनात पाणी, जमीन आणि बिल्डर या प्रश्नांवर रस्त्यावर उतरले, बायबल सोप्या मराठीत आणलं, आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्या निवडीला विरोधही झाला. पण वसईत विहिरींचं पाणी वाचवायला कॅसॉकमधला (पाद्र्याच्या झग्यातला) माणूस हिंदू शेतकऱ्याच्या शेजारी उभा राहिला, हे लोक विसरले नाहीत. तिकडे जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे या ख्रिस्ती जोडप्याने १९७० पासून गावातल्याच, बऱ्याचदा निरक्षर बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. त्यात गाण्याचा संबंधच नव्हता.

१९७० मध्येच नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, वेगवेगळ्या मिशनच्या मंडळ्या एका छत्राखाली आल्या. परदेशी पैसा आणि मिशनरी हळूहळू कमी होत गेले आणि वारशात उरली ती शहराच्या मधोमध असलेली कंपाउंडं, त्यांच्या जमिनी, ट्रस्ट आणि कोर्टकचेऱ्या. एक गोष्ट मात्र गुपचूप बंद पडली. पूर्वी बायबल बाया असायच्या, घरोघरी जाऊन बसायच्या, वाचायला शिकवायच्या, आजारी माणसाकडे जायच्या. पगार मिशनचा होता, तो थांबला तसं त्यांचं कामही बऱ्याच ठिकाणी थांबलं, आणि ते कोणाकडे द्यायचं याचा विचार फारसा झाला नाही.

आता पोरं इंग्लिश मीडियमची, नोकरीला हिंजवडी नाहीतर पिंपरी-चिंचवडला, रविवारी हिंदी-इंग्रजी वर्शिप असलेल्या फेलोशिपमध्ये जातात, मराठी गायने व्हॉट्सअपवर रोमन लिपीत वाचून म्हणतात. लॉकडाऊनमध्ये उपासना यूट्यूबवर आली ती काही ठिकाणी तिथेच राहिली. बाहेर धर्मांतर हा शब्द नुसता उच्चारला तरी वातावरण तापतं, त्यामुळे पाळकही जपून, भिंतीच्या आतच. अशा वेळी गिटार आणली काय आणि पेटी ठेवली काय, पिंपरीला भाड्याच्या खोलीत एकटा राहणारा मंडळीतलाच पोरगा आजारी पडला तर त्याच्याकडे कोण जातं, याचं उत्तर अजून संगीत कमिटीच्या अजेंड्यावर आलेलं नाही.